८८ टक्के साक्षर जिल्हा, मग बुधवारी वर्ग रिकामा का?

प्रश्न असा आहे. नागपुरात एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला प्रोजेक्टसाठी ग्रामीण भागातली साक्षरता आणि शाळेतली हजेरी हा विषय मिळालाय. जनगणनेत जिल्हा ८८ टक्के साक्षर दिसतो, शाळेच्या कागदावर गावातली जवळजवळ सगळी पोरं दाखल आहेत, आणि ती कुही तालुक्यातल्या एका गावात गेली तर चौथीच्या वर्गात निम्मे पोट्टे जागेवर नव्हते. ती विचारते, यातला खरा आकडा कोणता, खोटा कोणता, आणि रिपोर्टमध्ये टाकू कोणता.

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, आधी सहायक शिक्षक, मग मुख्याध्यापक, शेवटची बारा-तेरा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा, आणि मधे १९९१, २००१, २०११ अशा तीन जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. म्हणजे हे तिन्ही आकडे भरणाऱ्या हातांत माझाही हात होताच. त्यामुळे थोडं लांबेल, आणि काही ठिकाणी स्वतःचीच लाज काढावी लागेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तिन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि तीन वेगळ्या माणसांनी दिलेली आहेत. साक्षरता घरचा कर्ता सांगतो, पट मुख्याध्यापक सांगतो, आणि हजेरी सांगायला पोरगं स्वतः वर्गात बसलेलं लागतं. खरा-खोटा नंतर बघू, आधी कोणी कोणाला काय विचारलं ते बघा.

साक्षरतेचं पहिलं घेऊ. २०११ ला नागपूर जिल्हा ८८.३९ टक्के, महाराष्ट्र ८२.३४, आणि राज्यात सगळ्यात खाली नंदुरबार ६४ च्या आसपास. आता जिल्ह्याची लोकसंख्या होती साडेसेहेचाळीस लाखांच्या वर, आणि त्यातले साधारण ६८ टक्के लोक शहरी. म्हणजे तुम्ही जो ८८ चा आकडा घेऊन कुहीला गेलात तो मुळात नागपूर शहरातल्या धरमपेठ-सीताबर्डीच्या जोरावर उभा आहे, कुहीतल्या मांढळच्या पुढच्या खेड्याशी त्याचा संबंध कमीच. जनगणनेच्या तक्त्यात एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन ओळी असतात, तुम्हाला मधली पाहिजे. आणि गावनिहाय पाहिजे असेल तर प्राथमिक जनगणना सार घ्या, त्यात प्रत्येक गावाची लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, साक्षर, निरक्षर, बाई-माणूस वेगवेगळे, सगळं मिळतं.

पण तिथं एक खड्डा आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यात पडतंच. जनगणनेत साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांचाच काढतात, सहा वर्षांपर्यंतचं पोरगं वाचत असलं तरी निरक्षरच धरतात. पण गावनिहाय तक्त्यात जो निरक्षरांचा रकाना असतो ना, त्यात ही बारकी पोरंही मोजलेली असतात. समजा गावात १००० लोक आहेत, त्यातले १२० सहा वर्षांपर्यंतचे, आणि साक्षर ७००. रकान्यात निरक्षर ३०० दिसतील, तुम्ही सरळ भागाकार करून ७० टक्के लिहाल. खरा हिशोब ७०० भागिले ८८०, म्हणजे साडेएकोणऐंशी. साडेनऊ टक्क्यांचा फरक, आणि तो कशामुळे, तर गावात बाळं आहेत म्हणून. ज्या गावात लेकरं जास्त ते गाव फुकटात मागास ठरतं. तसंच १९८१ पर्यंत हे वय पाच होतं, सात १९९१ पासून झालं, तेव्हा जुन्या आकड्यांशी तुलना करताना डोळे झाकून रेघ ओढू नका.

दुसरं म्हणजे साक्षरतेचा दर आजच्या शाळेबद्दल फार कमी सांगतो. गावातलं एकूण एक पोरगं गेली वीस वर्षं शाळेत जात असलं तरी पासष्टीच्या आज्या आहेतच ना, त्यांच्या वेळी ना शाळा ना पाठवायची पद्धत, त्या दरात जागा धरून बसलेल्या असतात. २०११ ला राज्यातले पुरुष ८८.३८ टक्के साक्षर आणि बाया ७५.८७, हे जे साडेबारा टक्क्यांचं अंतर आहे त्यात मोठा वाटा जुन्या पिढीतल्या बायांचा. म्हणून वयोगटाचा तक्ता उघडल्याशिवाय मुलींच्या शिक्षणावर एक ओळसुद्धा लिहू नका. ७ ते १४ वयाचा दर वेगळा काढला की चित्र पार बदलतं.

आता सांगितलं कोणी, हा मुद्दा. व्याख्या छान आहे, कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे, नुसती सही येणारा साक्षर नाही, नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही तोही नाही. पण आम्ही काही परीक्षा घेत नव्हतो हो. फेब्रुवारी २०११, दिवसाला इतकी घरं संपवायची, एका घरी ओसरीवर घरचा मोठा मुलगा बसलेला, मी विचारतोय, तो सांगतोय, मी लिहितोय. आईचं नाव आलं, विचारलं लिहिता-वाचता येतं का. तो म्हणाला, "हो जी गुरुजी, येते ना तिले." आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. मला तेव्हाच वाटलं होतं की आत जाऊन विचारावं, पण पुढं अजून अकरा घरं होती. साक्षर लिहिलं आणि निघालो.

पुढची गंमत ऐका. १७ मार्च २०२४ ला उल्लासची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा झाली. पंधरा वर्षांच्या वरच्या असाक्षरांसाठी, वाचन ५०, लेखन ५० आणि संख्याज्ञान ५० असा दीडशे मार्कांचा पेपर. आमच्या केंद्रात बायांचीच गर्दी, कोणी नातीला घेऊन, कोणी चष्मा घरीच विसरून आलेली. त्यात त्या ओसरीवरच्या मुलाची आई, आता आजी, पेपर सोडवत बसलेली. मी घर ओळखलं आडनावावरून, गल्ली विचारली, तीच. मी जिला तेरा वर्षांपूर्वी साक्षर करून टाकलं होतं ती आता पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला आली होती, आणि काय सांगू, 'ळ' काढताना जीभ दाताखाली धरून असा जोर लावत होती की बाकाला टेकलेलं पेन्सिलचं टोक मोडलं. नातीनं दातांनी सोलून परत टोक काढून दिलं. मी काही बोललो नाही तिला. काय बोलणार.

म्हणजे २०११ चा आकडा खोटा का, तर नाही, लाखो घरांत बहुतेकांनी बरोबरच सांगितलंय. पण त्या आकड्यात सुनेपुढं सासूची, पाहुण्यापुढं आईची लाज राखलेली आहे, हे धरून चला. आणि हे कुठल्या बाजूला झुकतं तेही ठरलेलंय, येत नसताना येतं म्हणणारे सापडतील, उलटं कोणी करत नाही. पुढची जनगणना २०२७ ची आहे, त्यात तरी ओसरीवरून उत्तर न घेता प्रत्येकाला समोर बोलवून विचारलं तर बरं, पण प्रगणक पुन्हा मास्तरच असणार आणि घरं पुन्हा तेवढीच असणार, तेव्हा बघा.

जनगणनेत शाळेत जाण्याचाही एक प्रश्न असतो, तो प्रोजेक्टवाले विसरतात. त्यातही नागपूर जिल्ह्यापुरती एक गोम आहे. मोजणी फेब्रुवारीत होते, २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी होती, आणि तो वीटभट्ट्यांचा भर सीझन. भट्टीवर छत्तीसगडकडून आलेली कुटुंबं झोपड्यांत राहतात, पोरं दिवसभर विटा पलटवतात. मोजणीच्या सगळ्या दिवसांत माणूस जिथं राहिला तिथंच मोजला जातो, त्यामुळे ही पोरं भट्टीच्या गावात मोजली जातात आणि शाळेत न जाणारी म्हणून मोजली जातात. त्या गावची स्वतःची पोरं शंभर टक्के शाळेत असली तरी आकडा पडतो. आणि जिथून ती आली ते गाव त्या महिन्यात एकदम गुणी दिसतं, कारण न शिकणारी पोरं गावात नाहीतच. मी एकदा अशा गावाच्या सरपंचाला मीटिंगमध्ये चार लोकांसमोर बोल लावलेले पाहिलेत, बिचाऱ्याला सांगताही येईना की साहेब ती पोरं माझी नाहीत. तुमच्या गावाशेजारी भट्ट्या आहेत का ते आधी बघून घ्या.

कुही-भिवापूर भागातलं गाव असेल तर आणखी एक. गोसेखुर्द धरणामुळे तिथली कितीतरी गावं उठून नव्या गावठाणात गेलीत. जुन्या नावासमोरचा २००१ चा आकडा आणि आत्ताचा आकडा शेजारी ठेवून 'साक्षरता घटली' असं लिहायच्या आधी गाव त्याच जागी आहे का ते तलाठ्याला विचारा.

आता पट. पट म्हणजे शाळेच्या रजिस्टरात किती नावं आहेत ते. हा आकडा वर्षानुवर्षं नव्वदीच्या वर का असतो याचं कारण शिक्षण कमी आणि नोकरी जास्त. संचमान्यता नावाचं प्रकरण आहे, ३० सप्टेंबरचा पट बघून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं पहिली ते पाचवीला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ झाले की तीन. आता एकसष्टावं पोरगं म्हणजे काय ते समजलं ना? ते एक नाव कमी झालं की एक मास्तर अतिरिक्त, मग समायोजन, मग तो नरखेडहून उचलून कुठं भिवापूरला, बायको तिकडं, आईबाप इकडं. अशा वेळी सातारा की रायपूर कुठंतरी गेलेल्या पोराचं नाव कोण कमी करेल? ते पोरगं कागदावर सातवी पास होतं.

शिवाय तेच पोरगं इंग्लिश मीडियमच्या शाळेतही असतं. गावात सकाळी पिवळी व्हॅन येते, पोरं टाय लावून जातात, आणि जिल्हा परिषदेत त्यांची नावं चालूच. सरल प्रणाली, म्हणजे पोरांची ऑनलाइन नोंद, आणि आधार आल्यापासून हे बरंच आटोक्यात आलंय, आधी तर काही विचारू नका. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं एकदम राज्यभर पटपडताळणी केली, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली, कारण सकाळी या शाळेत मोजलेलं पोरगं दुपारी टेम्पोतून दुसऱ्या शाळेत जाऊन परत मोजलं जाऊ नये. शाई लावावी लागली यातच सगळं आलं. पोरं मात्र खूश होती, आठवडाभर बोट दाखवत फिरत होती.

पटाबद्दल एवढं पुरे, त्यात फार दम नाही. पट फक्त भाजक म्हणून वापरायचा, तोही वाड्यावस्त्यांत फिरून तपासल्यावर.

खरी मजा हजेरीत आहे.

तुम्ही शाळेत गेलात की मुख्याध्यापक महिन्याची सरासरी उपस्थिती सांगतील, समजा ७८ टक्के. बहुतेक लोक तेवढं वहीत टिपतात, चहा पितात आणि निघतात. आता हा ७८ कसा बनला ते बघा. वर्गात २४ पोरं, महिन्यात कामाचे दिवस २२, म्हणजे एकूण ५२८ हजेऱ्या व्हायला पाहिजे होत्या, झाल्या ४१२. हे दोन तऱ्हांनी होऊ शकतं. एका गावात प्रत्येक पोरगं चार-पाच दिवस चुकलं, कोणाला ताप, कोणाकडे लग्न, कोणी मामाच्या गावी. दुसऱ्या गावात १९ पोरं जवळजवळ रोज आली आणि पाच पोरं महिनाभर फिरकलीच नाहीत, पाच गुणिले बावीस ११० झाले, वर सहा किरकोळ खाडे. दोन्हीकडे उत्तर ७८. पहिल्या गावात काही करायची गरज नाही, दुसऱ्यात पाच घरी आजच्या आज जायला पाहिजे, कारण आपल्याकडे महिन्याच्या वर सलग गैरहजर राहिलेलं पोरगं शाळाबाह्य धरतात, मग पट काही का म्हणेना. सरासरीत ही पाच पोरं गडप होतात. म्हणून मी नव्या शिक्षकांना एकच सांगायचो की महिनाअखेरीला खालची बेरीज नंतर कर, आधी आडव्या ओळी वाच. एकेक नाव, डावीकडून उजवीकडे.

आडव्या ओळीत गोष्टी दिसतात. एका शाळेत तिसरीतल्या एका मुलीची ओळ माझ्या नजरेत आली, सोमवार मंगळवार हजर, बुधवारी गै, गुरुवार शुक्रवार हजर, पुढच्या बुधवारी परत गै. सगळ्या महिन्यांत तसंच. वर्गशिक्षकाला विचारलं तर म्हणाला पोरगी आळशी आहे सर. आठवड्यातून एकच दिवस, तोही ठरलेला, असा आळस मी तरी पाहिला नाही. घरी गेलो तर बुधवार त्या भागाचा आठवडी बाजार, आई टोपल्यात सांभार (कोथिंबीर)-वांगी घेऊन सकाळच्या बंडीत बसून जाते, आणि दीड वर्षाचं बारकं पोरगीच्या कडेवर. "मंग कोणापाशी ठेवू जी त्याले?" असं आईनं मलाच विचारलं. त्या गावची अंगणवाडी तेव्हा दोन महिने बंद होती. आता ही समस्या शिक्षणाची आहे का बालवाडीची का बाजाराची, तुमच्या फॉर्ममध्ये गैरहजेरीचं कारण म्हणून जे चार पर्याय छापलेले असतात त्यात ती बसत नाही. 'पालकांची अनास्था' या पर्यायावर खूण करून मोकळं होऊ नका, ती आई अनास्थावाली नव्हती, उलट मला बसायला सतरंजी टाकून पोरीची वही दाखवत होती.

आणि हजेरीपट खरा आहे का ते कसं कळणार? खिचडीचं रजिस्टर बघा असं पुस्तकी लोक सांगतात, पाचवीपर्यंत डोई १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५० ग्रॅम, गुणाकार करा आणि जुळवा. जुळतंच ते! कारण तांदळाचं रजिस्टर हजेरीपट समोर ठेवूनच लिहितात. खरी माहिती असते ती चुलीपाशी. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही, तिला कागदाशी घेणंदेणं नाही, पण किती तोंडं जेवली ते तिच्या हाताला माहीत असतं. एका ऐंशी पटाच्या शाळेत कागदावर बुधवारची हजेरी चौऱ्याहत्तर. मी मागच्या बाजूला शेडमध्ये जाऊन सहज विचारलं, बाई रोज तेवढाच तांदूळ लागतो का. तर म्हणाली, "बुधवारी मी दोन किलो कमीच टाकतो न जी, नाहीतर उरते, मंग ढोराले द्या लागते." दोन किलो म्हणजे वीस पोरं. मुख्याध्यापकाला मी खोलीत बसवून विचारलं तेव्हा त्याचा चेहरा पडला, आणि त्याचंही खोटं नव्हतं सगळं, शाळेत शिक्षक दोनच, एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामात, दुसरा चार वर्ग सांभाळतोय, हजेरी संध्याकाळी अंदाजानं भरायची. मी त्याला नोटीस दिली नाही. द्यायला हवी होती असं म्हणणारे असतील.

दिली नाही कारण माझं स्वतःचं एक प्रकरण आहे. १९९५ ला पोषण आहार सुरू झाला तेव्हा शिजवलेली खिचडी नव्हती, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, अट अशी की हजेरी ८० टक्के पाहिजे. पंचवीस दिवसांची शाळा असली की वीस दिवस. माझ्या वर्गात एक पोरगं होतं, बाप नाही, आई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला, पोरगं सतरा दिवस भरायचं. नियमानं तांदूळ नाही. ज्या घरी तांदूळ सगळ्यात जास्त लागत होता नेमक्या त्याच घराला नाही, कारण तिथलंच पोरगं सगळ्यात जास्त गैरहजर. मी सतराचे वीस केले. एका पोराचे केले मग दुसऱ्याचे कसे नाही करणार, तर सहा-सात जणांचे केले, आणि ते दोन वर्षं चाललं. त्या वर्षांचा माझा हजेरीपट खोटा आहे, आणि त्यावरून कोणी तेव्हा पेपर लिहिला असेल तर 'तांदूळ योजनेमुळे उपस्थिती वाढली' असा निष्कर्ष काढला असेल. वाढली नव्हती, मी वाढवली होती. पुढं शिजवून द्यायला लागले तेव्हा फरक खरंच दिसला, कारण त्यात आल्याशिवाय जेवण नाही, आणि मास्तरला आकडा फुगवून कोणाचं पोट भरता येत नाही.

म्हणून कुठल्याही योजनेसोबत हजेरीची अट असली की त्या हजेरीकडे जरा तिरकं बघायचं. दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतल्या मुलींना पहिली ते चौथी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता असतो, १९९२ पासूनचा, तेव्हाही एकच होता. पंच्याहत्तर टक्के भरले तर वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये. कापूस वेचणीच्या थोडक्या दिवसांतच पोरगी यापेक्षा जास्त आणते, मग आई हिशोब कसा करत असेल ते तुम्हीच बघा.

हिशोबावरून आठवलं, महिना. तुम्ही कुठल्या महिन्यात गेलात त्यावर तुमचा अर्धा रिपोर्ट ठरतो. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडते, जूनच्या शेवटी, आणि नेमकी तेव्हाच पेरणी. मौदा, रामटेक, कुहीकडे धान, तिथं जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे धानाची लावणी, मोठ्या मुली रोवण्याला नाहीतर घरी लहानग्यांपाशी. पोळ्याच्या आधी-मागे दोन-तीन दिवस सोडूनच द्या, तान्ह्या पोळ्याला तर पोरांचाच सण. सावनेर-हिंगण्याकडे दिवाळीनंतर कापसाचा वेचा सुरू होतो. काटोल-नरखेडला संत्र्याची तोड. पूर्वेकडच्या गावांत दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा लागतात, रात्रभर दंडार, म्हणजे लोकनाट्य बघून सकाळी कोण येतं शाळेत, आणि एका गावची झाली की पाहुण्यांच्या गावची असते. हे सगळं ज्याला माहीत आहे तो नोव्हेंबरची हजेरी बघून घाबरत नाही.

सगळ्यात शिकायसारखी गोष्ट मला देवलापारच्या बाजूच्या एका गोंड वस्तीत दिसली. तिथं जानेवारी-फेब्रुवारीत हजेरी उत्तम, आणि मार्च लागला की धाडकन खाली. वरिष्ठ म्हणायचे ऊन. ऊन कसलं, मार्चमध्ये आपण सकाळची शाळा करतो ना ऊन लागू नये म्हणून, आणि मोह फुलं टाकतो पहाटे. फुलं उन्हं वर यायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर सुकतात, ढोरं खातात, नाहीतर दुसरा कोणी वेचून नेतो. शाळा दुपारी होती तोवर पोरं पहाटे मोह वेचून, आंघोळ करून अकराला वर्गात यायची. शाळा सकाळी सातला केली आणि आपणच त्यांना दोन्हीपैकी एक निवडायला लावलं. त्यांनी मोह निवडला, मीही तेच केलं असतं. तिथल्या शिक्षकानं ग्रामसभेत बोलून ते तीन आठवडे शाळेची वेळ थोडी पुढं सरकवली, कागदोपत्री नाही, आपसात, आणि पोरं परत आली, अंगाला मोहाचा वास घेऊन. वर्गात शिरलं की गोडसर आंबूस वास यायचा, डोकं जड व्हायचं. हे मी तेव्हा वर कळवलं नाही.

मोठ्या मुलींचं गणित मात्र वेगळं, तिथं पीकपाणी कमी आणि रस्ता जास्त. कायद्यानं प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीनच्या आत. आठवी झाली की कायदाही संपतो आणि गावची शाळाही. पुढं एसटी. पासचे पैसे लागत नाहीत, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत आहे, पण पास मोफत असून गाडीच आली नाही तर? २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, कोरोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या. मुलगे कोणाच्या तरी बाईकवर बसून गेले. मुलींना कोण बसू देणार? आमच्याकडच्या एका वस्तीतून नववी-दहावीला सात मुली जायच्या, संप मिटला तेव्हा चार परत आल्या. तिघींपैकी दोघींची लग्नं झाली होती. पुढच्या जनगणनेत त्या तिघीही साक्षरच मोजल्या जातील, बरं का. अगदी व्यवस्थित साक्षर.

तर ताई, तुमच्या रिपोर्टचं. साक्षरतेचा आकडा घ्या पण ग्रामीण ओळीतला, आणि वयोगट फोडून. पटाचा घ्या, पण गावात फिरून सहा ते चौदा वयाच्या पोरांची यादी स्वतः करा आणि नावाला नाव लावा, शंभर-सव्वाशे घरांचं गाव दोन दिवसांत होतं. हजेरीची सरासरी टाका पण खाली हेही लिहा की महिन्यात निम्म्यापेक्षा कमी दिवस आलेली पोरं किती आणि मुली किती. वेगवेगळे तीन महिने घ्या, एक पावसाळ्यातला, एक दिवाळीनंतरचा, एक मार्चचा. वाचता येतं का ते बघायचं असेल तर 'असर' ही घरोघर पोरांचं वाचन तपासणारी पाहणी, ते लोक करतात तसं करा, रविवारी घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा पोरासमोर ठेवा, शाळेत नको, कारण जे पोरगं शाळेत येत नाही त्याचं वाचन शाळेत कसं तपासणार.

आणि तुम्ही ज्या दिवशी गेलात तो वार कोणता होता ते मला कळवा. मांढळकडच्या त्या पट्ट्यात बाजार कुठल्या वारी कुठं भरतो ते गावात विचारून घ्या, मग एकदा बाजाराच्या दिवशी आणि एकदा दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जा. मास्तरला आधी फोन करू नका. साडेबाराच्या आसपास पोचा, मागच्या बाजूनं जा, चुलीवरून खिचडीचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवायची वेळ असते ती.